मनगट मोडलं, प्लेट की प्लास्टर?

मोरीत पाय घसरतो, सावरायला हात पुढे जातो आणि सगळा भार तळव्यावर येतो. मनगटाच्या जरा वर रेडियस हे हाड मोडतं. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या मोडीचं नेमकं वर्णन केलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती. नुसतं चाचपून ओळखलेली ही मोड आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती: हात दिसायला वाकडा राहिला तरी पुढे तो दुखत नाही आणि कामही नीट देतो. आज ही नोंद कुणाच्या फारशी स्मरणात नाही.

‘प्लेट टाकावी लागेल’ हे वाक्य हल्ली इतक्या सहज कानावर पडतं की, दुसरा मार्ग असू शकतो हे घरच्यांच्या मनातही येत नाही. ब्रिटनमधल्या ३६ रुग्णालयांत ५०० रुग्णांवर केलेला ‘ड्राफ्ट-२’ हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकलेलं हाड जागेवर बसवल्यावर काहींना नीट घडवलेलं प्लास्टर घातलं, काहींच्या हाडात बारीक वायर घातल्या. वर्षानंतर वेदनेत आणि हाताच्या कामात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्लास्टर घातलेल्या दर आठांपैकी साधारण एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा सरकलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. बाकी सातांची ती टळली. त्याआधी, २०१४ मध्ये, त्याच देशात वायर आणि प्लेट यांची तुलना झाली होती. तिथेही महागडी प्लेट सरस ठरली नाही.

म्हणून प्लेट टाकणारा प्रत्येक डॉक्टर लुटारू, असं मात्र नव्हे. सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे वरखाली झाले असतील, हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, नस दबून बोटं बधिर झाली असतील, तर शस्त्रक्रिया लागू शकते. सत्तरीच्या आजी आणि रोज हातोडा चालवणारा तिशीतला सुतार यांचा विचारही वेगवेगळा करावा लागतो. एक्स-रेचा फोटो दोघांचा सारखा दिसला तरी.

मनगटातल्याच स्काफॉइड या हाडाच्या बाबतीत चूक उलट्या दिशेनं होते. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे साफ आला म्हणून ‘मुरगळलंय’ म्हणत घरी जाऊ नये. या छोट्या हाडाची मोड पहिल्या फोटोत लपू शकते. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून मिळतं, त्यामुळे मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड जुळता जुळत नाही. हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा, किंवा आधीच एमआरआय करायचा.

पडल्यावर पहिलं काम म्हणजे बांगड्या, पाटल्या, अंगठी उतरवणं. सूज चढली की त्या कापाव्या लागू शकतात. हाडवैद्याची करकचून बांधलेली पट्टी असो की रुग्णालयातलं प्लास्टर, बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट पाहू नका. प्लास्टर असेपर्यंत बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहा. पन्नाशीनंतर नुसतं उभ्यानं पडून मनगट मोडलं असेल, तर हाडांची घनता तपासून घ्यायलाच हवी, कारण पुढचा बळी खुब्याचा असू शकतो. ही तपासणी सुचवायची बहुतेक वेळा राहूनच जाते.

आता नीतीचं. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाची मांडी मोडली. पुण्यात पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच रात्री मुलगा गेला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरला जबाबदार धरलं आणि तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्हींत काळजी हवी. मनगट ओढून बसवतानाही भूल मागण्याचा हक्क यात आलाच.

रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनं निषिद्ध ठरवलं आहे. तरी ‘कट’ हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नुसत्या सहीला संमती म्हणता येत नाही. पर्याय आणि धोके सांगूनच ती घ्यायला हवी, हेही सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: प्लास्टरनं भागेल का? हाड सरकलं तर कधी कळेल? प्लेटची किंमत बिलात वेगळी दाखवाल का? प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

जखम उघडी नसेल, बोटांत रक्त आणि संवेदना शाबूत असतील, तर त्याच रात्री शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याची घाई सहसा नसते. आधार बांधून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याइतका वेळ असतो. त्यासाठी फोटो आणि कागद मागून घ्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं त्याच आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे.