केळीचा भाव चंचल की अस्थिर?

दापोरा गावाकडून येणाऱ्या मेसेजमध्ये 'केळीचा भाव चंचल आहे' असं वाचलं की मला खटकतं. मंडळी, चंचल असतं मन, नजर, फार तर लक्ष्मी. भावाला मन कुठून आलं? बुऱ्हाणपूरच्या लिलावात आज चढलेला आणि उद्या पडलेला भाव 'अस्थिर'. साधं लिहायचं तर 'भावात चढउतार आहे' हेच बरं.

वादळी वारा उभी बाग आडवी करतो, ते हवामान 'लहरी'. इथे माणसाचा स्वभाव आभाळाला लावलेला खपतो, कारण पाऊस आपल्या मर्जीनं येतो असं आपण बोलतोच.

माझा लाडका शब्द 'धरसोड'. धरणं आणि सोडणं, दोन्ही क्रिया एकाच शब्दात! आज हो, उद्या नाही म्हणणाऱ्या माणसाला तो बसतो, तसाच सरकारी धोरणालाही. अग्रलेखांत म्हणून तो हटकून भेटतो. पण निर्णय अजून झालाच नसेल तर धरसोड नको, 'दोलायमान' लिहा. घरात 'तळ्यात-मळ्यात' चालतं.

'परिवर्तनशील' समाजासाठी, भाषेसाठी राखून ठेवा. त्यातला बदल संथ असतो. 'परिवर्तनीय' वेगळा: परिवर्तनीय कर्जरोखे म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे.

आणि व्याकरणात रूप बदलणाऱ्या शब्दाला म्हणतात 'विकारी'. केळं, केळी, केळ्याला: बघा, किती रूपं! 'आणि' मात्र कुठेही टाका, तसाच राहतो. तो अविकारी.