रात्रपाळीनंतरचं पत्र

पावणे एमआयडीसीच्या पलीकडे, गावठाणातल्या एका भाड्याच्या खोलीत दोन सिस्टर राहतात. दोघी जीएनएम, दोघी खासगी रुग्णालयात रात्रपाळी करतात. सकाळी घरी आल्या की चहा होतो आणि मोबाइलवर वेळ लावून त्या पत्र लिहायला बसतात. मी शेजारी बसून पाहत होते.

ही ओईटीची तयारी. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची ही इंग्रजीची परीक्षा ब्रिटनमधल्या नर्सिंग नोंदणीसाठी चालते. लेखनात एका रुग्णाची टिपणं मिळतात. पाच मिनिटं ती नुसती वाचायची, मग चाळीस मिनिटांत साधारण 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहायचं. जुनी दुखणी, औषधं, घरची माणसं, सगळं टिपणांत असतं. पत्र वाचणाऱ्याला लागेल तेवढंच निवडायचं.

धाकटीनं पेनिसिलिनची ॲलर्जी शेवटी लिहिली होती. मोठीनं तिथं बोट ठेवलं. "हँडओव्हर देताना हे शेवटी सांगतेस का गं?" धाकटीनं मुकाट्यानं ती ओळ वर घेतली. वॉर्डात ही चूक तिच्याकडून झाली नसती. इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या नादात ती झाली.

मग संवादाचा सराव. तीन मिनिटं कार्ड वाचायचं, पाच मिनिटं बोलायचं. मोठी इन्सुलिनला घाबरणारी रुग्ण झाली. धाकटी आधी अडखळली, पण "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" असं इंग्रजीत विचारल्यावर तिचा आवाज स्थिरावला. तो प्रश्न ती रोज मराठीत विचारते.

परीक्षा झाली की कागदपत्रांची पडताळणी, संगणकावरची चाचणी आणि ब्रिटनला पोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. पायरीपायरीला फी. धाकटीच्या डोक्यात भावाचं शिक्षण आहे, मोठीच्या डोक्यात गावचं घर.

फिलिपिन्समधूनही परिचारिका याच आशेनं बाहेर पडतात. तिथं परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी 2021 च्या कायद्यानं स्वतंत्र खातं उभं राहिलं. केरळात नोर्का रूट्स ही सरकारी संस्था परिचारिकांची परदेशी भरती करते. आपल्या मुलींनाही असाच भक्कम सरकारी आधार मिळायला हवा.

तुमच्या घरातली मुलगी निघाली असेल, तर एजंटची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्याहून जास्त मागणाऱ्याला पैसे देऊ नका, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.