पार्टिशनला लाकूड किती लागेल?

हॉलमधून एक खोली काढायची आहे. पार्टिशन १० फूट रुंद, ९ फूट उंच धरू. सांगाडा दोन बाय दोन इंची पट्ट्यांचा. उभ्या पट्ट्या दर दोन फुटांवर, म्हणजे सहा: ५४ फूट. जमिनीपासून छतापर्यंत आडव्या सहा ओळी: ६० फूट. एकूण ११४ रनिंग फूट.

वखारीत भाव घनफुटावर. रुंदी गुणिले जाडी (इंचांत), गुणिले लांबी (फुटांत), भागिले १४४. उत्तर येतं ३.१७. पण नऊ फुटी पट्टी दहा फुटीतून कापली की फूटभर तुकडा वाया जातो. म्हणून दहा फुटी १२ नग धरा, ३.३३ घनफूट. गाठी, तडे लक्षात घेता साडेतीनची मागणी योग्य.

दोन फुटांचं अंतर का? प्लायवुडची शीट ८ बाय ४ फुटांची असते, त्यामुळे प्रत्येक सांधा नेमका पट्टीवर येतो. अधांतरी सांधा पुढे रंगातून फाकलेला दिसतोच. दोन्ही बाजू मिळून सहा शीट पुरतात. वरचा एक फूट सहाव्या शीटच्या पट्ट्यांनी भरून निघतो.

दार ठेवायचं असेल तरी लाकूड वजा करू नका. त्याच्या दोन्ही बगलांना जादा उभ्या पट्ट्या लागतात, चौकट वेगळीच. रंधा मारल्यावर दोन इंची पट्टी जेमतेम पावणेदोन भरते, तेव्हा माप रंध्याआधीचं की नंतरचं, हे भाव ठरवतानाच विचारा. आणि प्रत्येक पट्टी डोळ्यापाशी धरून दुसऱ्या टोकापर्यंत पाहा. वाक दिसला तर ती घेऊ नका.