वाटेत मोडलं तर कोण करून देईल?

जुन्या ब्रिटिश गाडीने हजारो किलोमीटरची रॅली पुरी करायची, तर तयारी कुठून सुरू होते? भोसरीच्या लेथपासून माळशेजच्या उतारापर्यंतचा हा हिशेब.

१९६८ च्या डिसेंबरात मुंबई बंदरात ‘चुसान’ नावाच्या जहाजावर धुळीने माखलेल्या मोटारी चढत होत्या. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या होत्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान पार करून ज्या टिकल्या, त्या दिल्लीमार्गे मुंबईला पोचल्या. लंडन-सिडनी मॅरेथॉनचा पहिला भाग इथे संपत होता. पुढचा प्रवास जहाजाने ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलपर्यंत आणि तिथून पुन्हा रस्त्याने सिडनीपर्यंत.

१७ डिसेंबरला शर्यत संपली, तेव्हा पहिली आली ती हिलमन हंटर. ब्रिटनमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची, चार दारांची साधी गाडी. तिच्याहून वेगवान गाड्या मैदानात होत्या. रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना कितीतरी काळ आघाडीवर होती, पण ऑस्ट्रेलियात तिचा डिफरन्शियल गेला. क्लार्कने रस्त्याकडेला दिसलेल्या एका कॉर्टिनाच्या मालकाला गळ घातली, त्याच्या गाडीचा भाग उतरवून आपल्या गाडीला लावला आणि शर्यत पुरी केली.

लांब पल्ल्याच्या रॅलीचे बरेचसे शास्त्र या दोन हकिकतींत आहे. टिकते ती गाडी पुढे जाते. आणि कितीही तयारी केली तरी काहीतरी मोडतेच. म्हणून निघण्याआधी गाडीच्या प्रत्येक भागाला एक प्रश्न विचारायचा: तू वाटेत मोडलास तर तुला करून कोण देईल?

एक नग, एक सॅम्पल

या प्रश्नाचे उत्तर शोधायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यासारखी जागा नाही. ब्रिटिश मोटारीशी या पट्ट्याचे नाते आज उलट्या दिशेने चालते. पिंपरीत बनलेली टाटा इंडिका २००३ ते २००५ या काळात ‘सिटीरोव्हर’ नाव लावून ब्रिटनमध्ये विकली गेली. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर विकत घेतली, २०११ मध्ये फ्रीलँडरची जुळणी इथे सुरू झाली आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हर पुण्यात बांधण्याची घोषणा झाली. ५४ वर्षांत ही गाडी ब्रिटनबाहेर बांधण्याची ती पहिलीच वेळ.

पण १९५५ ची एमजी किंवा १९६५ ची हेराल्ड बाळगणाऱ्याला या झगमगीत असेंब्ली लाइनचा काही उपयोग नाही. त्याचे काम होते भोसरी एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे दोन-तीन लेथ, एक मिलिंग मशीन आणि हातात मायक्रोमीटर घेतलेला टर्नर असतो. मागच्या ॲक्सलचा शाफ्ट तुटला, तर तुकडे घेऊन इथे यायचे. स्टील कोणते घ्यायचे यावर चर्चा होते ती ‘ईएन-८ चालेल की ईएन-२४ घ्यायचे?’ अशी. ही नावे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश मानकांतली आहेत. खुद्द ब्रिटनने ती १९७० च्या दशकात बदलली. भोसरीत ती अजून रोजच्या बोलण्यात आहेत. म्हणजे जुन्या गाडीचे मूळ ड्रॉइंग मिळाले, तर त्यावरचा स्टीलचा नंबर इथल्या टर्नरला समजावून सांगावा लागत नाही.

तरी एका नगाच्या कामात तीन खाचखळगे आहेत. पहिला झिजेचा. जुना भाग सॅम्पल म्हणून दिला आणि तसाच बनवायला सांगितले, तर नव्या भागात जुनी झीजही उतरते. माप घ्यायचे ते न झिजलेल्या जागेवरचे, किंवा तो भाग ज्यात बसतो त्या जोडीदाराचे. दुसरा दात्यांचा. ब्रिटिश गिअर इंचाच्या हिशेबात, म्हणजे डायमेट्रल पिचमध्ये कापलेले असतात आणि आपल्याकडची बहुतेक कामे मॉड्यूलमध्ये चालतात. ‘जवळचा मॉड्यूल चालून जाईल’ असे म्हणून कापलेला गिअर आवाज करतो आणि पाच-सहाशे किलोमीटरांत दुसऱ्या गिअरचेही दात खातो. तिसरा खाचखळगा आट्यांचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफचे आटे ५५ अंशांचे, नंतरच्या यूएनएफचे ६० अंशांचे. मेट्रिकही ६० अंशांचे, पण पिच वेगळा. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो, मग दाबून फिरवला की ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो.

यात सर्वांत गंमतीशीर प्रकरण जुन्या एमजीचे. २०२३ साली अहमदाबादच्या एका कुटुंबाने १९५० ची एमजी वायटी चालवत थेट इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनपर्यंत, म्हणजे तिच्या जन्मगावी नेली. ‘लाल परी’ हे तिचे नाव. या गाडीचे एक्सपीएजी इंजिन ब्रिटिश, पण त्याचे आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्यांची! कारण मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्रीतला कारखाना घेतला, तेव्हा फ्रेंच मापांची यंत्रेही त्याबरोबर आली. असल्या इंजिनाचा एखादा स्टड तुटला, तर साधा मेट्रिक टॅपच कामाला येईल असे गृहीत धरू नये. पिच मोजूनच हात घालावा.

ॲम्बेसेडरवाल्याचे काम याहून सोपे. ती मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती आणि उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. तिचे १४८९ सीसीचे इंजिन पहिल्या एमजीए गाडीच्या इंजिनाच्याच घराण्यातले. त्यामुळे हौशी लोक ब्रिटिश गाडीसाठी ॲम्बेसेडरचे भाग शोधतात. वाटेत कुठल्याही तालुक्याच्या गावी ज्याला ते इंजिन माहीत आहे असा मिस्त्री अजून भेटतो. क्लार्कची कॉर्टिना जशी रस्त्याकडेच्या कॉर्टिनामुळे वाचली, तसाच हा हिशेब आहे.

पाणी, ऊस आणि घाट

आपल्या हवेत जुन्या ब्रिटिश गाडीचा पहिला शत्रू उष्णता. रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसतो, पण इंजिन ब्लॉकच्या तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, अनेक दशकांचा गाळ आणि गंज साचलेला असतो. ब्लॉकचे प्लग काढून तो खरवडून धुतल्याशिवाय नवा रेडिएटर घालून काहीही साधत नाही. झाकणही तपासावे. सात पौंडांचे झाकण पाणी उकळण्याचा बिंदू साधारण अकरा अंशांनी वर नेते. त्याची स्प्रिंग सैल झाली की तो सारा फायदा गेला. थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहते, बरेच पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरते आणि गाडी उलट जास्त तापते.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. सन २००० मध्ये देशभर शिशाविना पेट्रोल आले. शिशाचा थर जुन्या ओतीव लोखंडी हेडमधल्या व्हॉल्व्ह सीटना संरक्षण देत होता. तो गेल्यावर सलग ताशी ८० किलोमीटरने दिवसभर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततात. म्हणून हेड उतरवून कडक सीट बसवून घेणे हे रॅलीआधीचे पहिले मशीन शॉपचे काम.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच पश्चिम महाराष्ट्रातल्या उसापासून बनणारे इथेनॉल २० टक्के मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. ते जुन्या रबरी नळ्या फुगवते, कॉर्कची गॅस्केट खाते आणि हवेतले पाणी ओढते. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जुन्याच सेटिंगवर कार्ब्युरेटर ठेवला, तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. एसयू कार्ब्युरेटरचा उपकार असा की त्यात जेट खाली घेऊन किंवा सुई बदलून हे दुरुस्त करता येते. नळ्या मात्र इथेनॉलला दाद न देणाऱ्या व्हिटॉनच्याच घालाव्यात. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टच्या मध्ये उष्णता अडवणारा पत्रा आणि जाड बॅकेलाइटचा पॅकिंगचा तुकडा बसवावा, नाहीतर ऐन उन्हात सिग्नलला उभे राहिल्यावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी ‘एअर लॉक’ घेते.

तिसरा ब्रेक. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबला की तेल उकळते, पायाखालचे पेडल मऊ पडते आणि मग ते थेट तळाला जाते. दर रॅलीआधी तेल पूर्ण बदलावे आणि ट्रकवाल्यांचा जुना नियम पाळावा: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

तेल कुठे, ग्रीस कुठे

आजच्या गाड्या चालवणाऱ्याला वंगणाचा विसर पडला आहे. जुन्या गाडीत किंगपिन, पाट्यांचे बुश, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस लागते. लांब रॅलीत म्हणजे दर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी गाडीखाली जाणे आले. मद्रासला १९६१ ते १९७१ या काळात बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डच्या पुढच्या ट्रनियनला तर ग्रीस चालतच नाही, गिअरचे तेलच घालावे लागते. तिथे ग्रीस भरले की आटे कोरडे राहतात आणि एके दिवशी पुढचे चाक वाकून गाडीखाली जाते.

इंजिन ऑइल शक्यतो २०डब्ल्यू-५० खनिज तेल, ज्यात झिंकचे प्रमाण चांगले असेल. नव्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेले असते आणि जुन्या कॅमशाफ्टला ते मानवत नाही. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतील, तर जीएल-५ ऐवजी जीएल-४ तेल, कारण जीएल-५ मधले काही घटक पितळ खातात.

विजेकडेही बघायला हवे. ल्युकासचा जुना डायनॅमो २२ अँपिअर देतो. हॅलोजन दिवे, वायपर आणि रेडिएटरचा विजेवरचा पंखा एकदम लावला की त्याची दमछाक होते. म्हणून अनेक जण अल्टरनेटर लावतात. पण जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात. त्या निगेटिव्ह अर्थ करताना कॉइलची जोडणी आणि अ‍ॅमीटरच्या तारा उलट्या करायला विसरू नये.

डिकीत काय, कागदावर काय

सोबत न्यायचे सामान निवडताना पुन्हा तोच प्रश्न. जे वाटेत मिळते ते कमी, जे मिळणार नाही ते जास्त. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, हेड गॅस्केट, पाण्याच्या पंपाची किट, ब्रेक सिलिंडरची रबरे, एक ॲक्सल शाफ्ट आणि पेट्रोल पंप हे बरोबर हवेतच. बेअरिंग मात्र उगाच बरोबर घेऊ नयेत. त्यांचे नंबर वहीत लिहून ठेवावेत. चिंचवडला ‘एसकेएफ’चा कारखाना आहे आणि इंच मापाची टेपर बेअरिंग आजही नंबरावर मिळतात. एम-सील, वायर, इन्शुलेशन टेप, ओढायचा दोर आणि व्हिटवर्थ, यूएनएफ, मेट्रिक असे तिन्ही मापांचे पाने लागतात.

कागदपत्रांचा नियमही सोपा झाला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ येतो, शुल्क २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची आणि नूतनीकरण ५ हजारांत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, रॅली, प्रदर्शन आणि देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते. परदेशात जायचे तर ‘कार्नेट’ हे सीमाशुल्काचे हमीपत्र लागते.

निघण्याआधी रंगीत तालीम करावी आणि ती चाकणलाच सुरू करावी. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकाच्या कोंडीत अर्धा तास उभे राहून इंजिनाचे तापमान कुठे जाते ते पाहा. मग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा करत माळशेजचा घाट उतरा आणि पूर्ण सामानानिशी तोच चढून परत या. किलोमीटरच्या दगडांशी स्पीडोमीटर ताडून घ्या. रॅलीत ठरलेल्या सरासरी वेगाने जायचे असते, त्यात स्पीडोमीटरची चूक सर्वांत महागात पडते. घरी परतल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा. सैल निघालेल्यांची यादी म्हणजे पुढच्या वेळचा आराखडा.

आता एक खंत. एका शाफ्टसाठी मशीन थांबवायला तयार असलेले शेड कमी होत आहेत. सीएनसी आले, मोठ्या कंपन्यांचे हजारो नगांचे जॉब आले आणि एका नगाचे सेटिंग कुणाला परवडेना. जुने सुटे भाग शोधण्याची जागा असलेल्या चिखलीतल्या कुदळवाडीच्या भंगार दुकानांवरही २०२५ मध्ये महापालिकेचा हातोडा पडला. यावर तक्रार करून काही होणार नाही. चार-पाच गाडीमालकांनी एकत्र येऊन एकाच वेळी पाच शाफ्ट, पाच ट्रनियन करून घ्यावेत, म्हणजे सेटिंगचा खर्च वाटला जातो. आणि प्रत्येक भागाबरोबर ड्रॉइंग करून घ्यावे: माप, स्टीलचा नंबर, कडकपणा, आट्यांचा पिच. सॅम्पल हरवते, मिस्त्री निवृत्त होतो. ड्रॉइंग हातात असले, तर वाटेत कोण करून देईल या प्रश्नाला भोसरीतला नवा मुलगाही उत्तर देऊ शकेल, आणि अनोळखी गावातला लेथवालाही.