लिटलफूटची आई आणि आपली मुलं

घरात पाच-सहा वर्षांचं मूल असलं की डायनोसॉर घरात येतोच. कधी कंपासपेटीवर, कधी चादरीवर, आणि सुट्टी लागली की टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर सिनेमा होऊन येतो. आपण स्वयंपाकघरातून म्हणतो, "बघू दे बाई, तेवढीच तासभर शांतता!" आणि नेमका कुकर लावत असतानाच बाहेरून हुंदका ऐकू येतो. सिनेमातल्या पिल्लाची आई मेलेली असते!

'द लँड बिफोर टाइम' या कार्टून सिनेमाबद्दल मी बोलते आहे. १९८८ साली अमेरिकेत तो निघाला. डॉन ब्लुथ यांनी तो दिग्दर्शित केला आणि त्यामागे स्टीव्हन स्पीलबर्ग व जॉर्ज लुकास अशी मोठी नावं होती. सिनेमा जेमतेम सत्तर मिनिटांचा. पण आजही तो पाहून मुलं रडतात.

गोष्ट साधी आहे. दुष्काळ पडलेला, हिरवं पान दृष्टीस पडत नाही. सगळे डायनोसॉर एका हिरव्यागार दरीच्या शोधात निघालेत. लिटलफूट हे लांब मानेचं पिल्लू आई आणि आजी-आजोबांबरोबर चाललंय. वाटेत तीक्ष्ण दातांचा राक्षसी डायनोसॉर येतो, त्यातच भूकंप होतो. पिल्लाला वाचवताना आई घायाळ होते आणि प्राण सोडते. पुढे वेगवेगळ्या जातींची पाच पिल्लं एकमेकांच्या आधाराने ती दरी गाठतात. आम्हा नातेपुतेकरांच्या मुलांना ही वाट समजावून द्यावी लागत नाही. आषाढात माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते. त्या गर्दीत आईचा हात सुटला तर काय होतं, हे इथल्या पोरांना चांगलं ठाऊक असतं.

यातली सेरा ही तीन शिंगांची पोर. लांब मानेवाल्यांशी आपण खेळायचं नसतं, असं तिच्या बापानं तिला शिकवलेलं. हा प्रसंग आला की मुलांपेक्षा आपणच जरा चपापतो, नाही का? "त्यांच्या घरी जाऊ नको हं," हे वाक्य कितीतरी घरांत सहज बोललं जातं.

आता त्या रडण्याचं काय करायचं? बहुतेक घरांत दोनच उपाय होतात. एक तर टीव्ही बंद, नाहीतर "वेडा आहेस का, ते सगळं खोटं असतं." त्यावर मूल रात्री अंथरुणात विचारतं, "आई, तू पण मरशील?" आणि आपण त्याच्या तोंडावर हात ठेवतो, "असं अभद्र बोलू नये!" मूल गप्प होतं, पण भीती काही जात नाही. ती फक्त आपल्याला दिसेनाशी होते.

माझ्या मते अशा वेळी सिनेमाच आपल्या मदतीला येतो. आई गेल्यावर लिटलफूटला एक म्हातारा डायनोसॉर भेटतो. तो त्याला गप्प करत नाही. यात कुणाचाच दोष नव्हता, असं तो समजावतो. मग लिटलफूटला मित्र मिळतात आणि शेवटी आजी-आजोबाही. आपणही मुलाला जवळ घेऊन एवढंच सांगावं, "मी पुष्कळ वर्षं तुझ्याजवळ राहणार आहे. आणि बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे. तू कधी एकटा पडणार नाहीस." मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे एका मुलीची आई दोन वर्षांपूर्वी गेली. वर्गात या सिनेमाची गोष्ट निघाली तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "बाई, त्याला शेवटी आजी भेटते." ती स्वतः आजीजवळच असते. ज्या प्रसंगाला आपण मोठी माणसं घाबरतो, त्यातून त्या पोरीनं आपल्यापुरता आधार शोधला होता.

रडणं ओसरलं की प्रश्न सुरू होतात. तेव्हा "खोटं असतं" म्हणणाऱ्या आईची पंचाईत होते, कारण यातलं बरंचसं खरं आहे! खोटं आहे ते असं : सिनेमात एकत्र दिसणारे हे प्राणी एका काळातले नव्हेत. लिटलफूट आणि पाठीवर पाती असलेला स्पाइक यांच्या जाती सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या, तर सेराची जात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. उडणारा पेट्री तर डायनोसॉरच नव्हे, तो उडणारा सरपटणारा प्राणी.

आणि आईची माया? अमेरिकेत माँटाना भागात पिल्लांसह घरटी सापडली. ती पिल्लं घरट्यातच खाऊन-पिऊन वाढत असावीत असं दिसलं, म्हणून १९७९ साली त्या जातीला 'मायासॉरा' नाव दिलं गेलं. अर्थ, चांगली आई असलेली पाल! पण सगळ्याच जाती अशा नव्हत्या. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. ही घरटी इतकी दाटीवाटीनं आहेत की अंडी घालून माद्या निघून जात असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक पिढ्यान् पिढ्या शेताचा राखणदार म्हणून ज्या गोल दगडांची पूजा करत होते, तीही डायनोसॉरची अंडीच निघाली!

आपल्या महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव आणि पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत. डोंगरगावचा 'इसिसॉरस' हा लिटलफूटच्या गोतावळ्यातलाच, झाडपाला खाणारा.

"मग ते कुठे गेले?" हा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला पुस्तक नको, घरातला पाटा-वरवंटा पुरे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनी आदळला. त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता, थरावर थर चढत होते. डायनोसॉर संपले ते मुख्यतः अशनीमुळे असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. लाव्हाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. तो लाव्हा थंड होऊन झालेला काळा खडक आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. शिखर शिंगणापूरचा डोंगर, ज्याच्यावर चैत्रात कावडी चढतात, तो याच खडकाचा.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी सिनेमा लावाल तेव्हा भाजी निवडायला परात घेऊन मुलाशेजारी बसा. दुःखाच्या प्रसंगी टीव्ही बंद करू नका, पाठीवर हात ठेवा. सिनेमा संपल्यावर "काय आवडलं?" याच्याबरोबर "कशाची भीती वाटली?" हेही विचारा. आणि दुसऱ्या दिवशी चटणी वाटताना मुलाला हाक मारून पाट्यावर हात ठेवायला सांगा. तो दगड आणि लिटलफूटचे शेवटचे भाऊबंद एकाच काळातले, हे कळल्यावर त्याचे डोळे कसे होतात ते पाहाच!