लेकीला लष्करात नर्स व्हायचंय?

मैत्रिणींनो, बारावीतल्या लेकीने असं म्हटलं, की आपला पहिला प्रश्न, ‘आणि लग्नाचं काय गं?’ ही भीती अगदीच खोटी नव्हती. १९८८ साली लष्करी परिचारिका सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांची नोकरी लग्न केलं म्हणून गेली. तो नियम १९९५ साली रद्द झाला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ६० लाख रुपये भरपाई देवविली.

शिकताना मात्र अविवाहितच राहावं लागतं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग होतं. बारावीला जीवशास्त्र हवं, शिवाय ‘नीट’ परीक्षा. शिक्षणाचा खर्च सरकारचा, बदल्यात सेवेचा बाँड. पुढे परिचारिका म्हणून नोंदणी आणि खांद्यावर लेफ्टनंटचे तारे! तेव्हा बाँड नीट वाचा, अन् लेकीला अर्ज भरू द्या.