दोष दगडाचा की बांधणीचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. लग्नाचा खर्च एकदा होऊन जातो. घराच्या बांधणीतली चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर राहते. किल्लारी परिसरातील माणसाला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गावे झोपली असताना, भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक सगळी आपल्याच घराखाली सापडली.

आमची पिढी त्यानंतर जन्मली. पण घरांना हात घालण्याची वेळ आता आमच्यावर आली आहे. पुनर्वसनात जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. भाऊ वेगळे झाले, सुना आल्या. २५० फूट कोणाकोणाला पुरणार? कोणी पुढे पडवी काढतो, कोणी वर खोली चढवतो. आमच्या घरीही यंदा एक खोली वाढवायचे घाटते आहे. आजी दगडाचे नाव काढू देत नाही. काका म्हणतात, स्लॅब टाकला की काळजी मिटली. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. ते दोघांचेही ऐकून घेतात. माझ्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

भिंत का पडली?

आपली जुनी भिंत दोन-अडीच फूट रुंद असे. दिसायला ती एक; पण असत दोन. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या. वरून येणारे वजन अशी भिंत शंभर वर्षे पेलते. भूकंपात मात्र जमीन आडवी हलते. त्या हिसक्याने दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि दगड ढासळतात.

त्यावर माळवद. दरसाल पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी मातीवर माती चढत गेली आणि थर दोन फुटांपर्यंत गेला. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत निजलेल्या माणसाच्या डोक्यावर सुमारे आठ टन माती! तरीही, जेथे माळवद भिंतीवर न टेकता खांब-तुळईवर नीट बसवलेले होते, तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही छत उभे राहिले.

पूर्वजांना नावे ठेवण्याचे कारण नाही. माळवदाचे घर उन्हाळ्यात गार राहते, आणि दगड-माती गावातच मिळत असे. सरकारी नकाशातही हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द झाला आणि आपला परिसर तिसऱ्या विभागात गेला. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागाला बसलेले धक्के पाहता, ‘आता पुन्हा होणार नाही’ असे समजून चालणार नाही.

नवी भिंत घालताना

दगड वापरायला हरकत नाही. पण भिंत दीड फुटापेक्षा रुंद नको. दोन्ही थर एकमेकांत गुंतवावेत. दर दोन फूट उंचीवर, आडवे चार फुटांच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घालावा. तो दोन थरांना शिवणीसारखा धरून ठेवतो.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून अखंड फिरवावा. पेटीला पत्र्याची पट्टी मारतात, तसेच हे काम आहे. पट्टा कोपऱ्यात तुटला तर त्याचा उपयोग गेला. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर असाव्यात. आपल्या काळ्या मातीत पाया घालू नये. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोदावे.

जुने घर असेल तर

सगळे पाडण्याची गरज नसते. माळवदावरची माती उतरवून थर आठ इंचांवर आणावा आणि गळतीसाठी मातीखाली प्लास्टिकचा कागद घालावा. आठ टनांचे ओझे तीन टनांच्या आत येते. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके लाकूड किंवा लोखंडी अँगल ठोकावा. भिंतीतील एखादा दगड हळूच काढून, आरपार भोकात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले, तर जुन्या भिंतीलाही टाका पडतो. भूकंपानंतर या भागात अशी मजबुतीकरणाची कामे झालेली आहेत.

स्लॅबचा भरवसा

आता काकांच्या मुद्द्याकडे वळू. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारती पडल्या. सिमेंट आहे म्हणून घर पक्के होत नाही. एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर दुसरा चढवण्यापूर्वी अभियंत्याला दाखवलेच पाहिजे. शेजारी खोली जोडायची तर नवी भिंत जुनीला नुसती टेकवू नये; एक तर नीट बांधून घ्यावी, नाहीतर मध्ये फट सोडून वेगळी उभी करावी.

शिवाय काँक्रीटला पाणी लागते. निदान दहा दिवस ते ओले राहिले पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे एप्रिल-मे महिन्यात बांधकाम काढणे म्हणजे भिंत तहानलेली ठेवणे होय. दिवाळीनंतर काम काढावे आणि ओली पोती अंथरून पाणी वाचवावे.

यांतील बऱ्याच गोष्टींना फार पैसा लागत नाही, लक्ष लागते. गवंडी आपल्या सवयीने काम करतो आणि घरधनी संकोचाने विचारत नाही. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले शिकलेले आहेत. घरी आलेले सरकारी कागद आपणच वाचून दाखवतो. तसेच पाया भरण्याच्या दिवशी चार प्रश्नही आपणच विचारावेत: आरपार दगड किती? पट्टा कोपऱ्यात अखंड आहे का? पाया मुरमापर्यंत गेला का? पाणी किती दिवस मारणार? उत्तरे समाधानकारक मिळेपर्यंत काम थांबले तरी चालेल. आमच्या घरचे बोलणे अजून चालू आहे. पण खोली वर न चढवता शेजारी घ्यावी, इथपर्यंत आजी आणि काका दोघेही आले आहेत.